आवडाबाईंनी मिसरी सोडली

माझ्या दवाखान्यात कुणी बाई खुर्चीत बसली आणि तिच्या हिरड्यांवर काळा थर दिसला, की माझं एक वाक्य ठरलेलं होतं. "ह्या आमच्या आवडाबाई. पंचवीस वर्षं मिसरी लावत होत्या, सोडली. दाखवा हो आवडाबाई." मग आवडाबाई मास्क खाली ओढून हसायच्या. वर-खाली पांढरेस्वच्छ दात. खुर्चीतली बाई ओशाळायची, मी खूश व्हायचे आणि आवडाबाई मास्क वर करून पुन्हा टॉर्च धरायच्या.

हे वाक्य मी नऊ वर्षं म्हटलं. ते खोटं होतं. आवडाबाईंना ते माहीत होतं, त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं, फक्त मला नव्हतं, आणि तिघांत दातांची डॉक्टर मीच होते. आता आवडाबाई नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचं तर स्वतःला झाकून सांगता येणार नाही, म्हणून तसा प्रयत्नही करत नाही.

दवाखाना चिकलठाण्यात, जालना रोडच्या आतल्या बाजूला, एका औषधाच्या दुकानावर. पेशंट बहुतेक एमआयडीसीतले कामगार आणि त्यांच्या घरचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं गेली पंधरा वर्षं त्यावरच भरतंय. आवडाबाई आल्या त्या फरशी पुसायला. त्यांचा नवरा फकिरा प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात वॉचमन होता. दोघं वैजापूरच्या पुढच्या एका गावचे, मुलगी लग्न होऊन जालन्याला गेलेली, इथं दोन खोल्यांत नवरा-बायको.

शिक्षण शून्य, अंक तेवढे ओळखायच्या. पण सहा महिन्यांत कुठलं हत्यार कुठं, कुठलं किती वेळ उकळायचं, माझा हात पुढे आला की त्यात काय ठेवायचं, हे सगळं त्यांना पाठ झालं. नावं त्यांनी स्वतःची ठेवली होती. दातांचा थर काढायच्या मशीनला त्या 'शिट्टी' म्हणायच्या, कारण ते तसंच वाजतं. "म्याडम, आज शिट्टीचे तीन पेशंट हायेत," असा त्यांचा सकाळचा हिशेब असायचा. पुढं पुढं फरशी पुसायला दुसरी बाई ठेवली आणि आवडाबाई माझ्या शेजारी उभ्या राहू लागल्या.

जीभ भलती तिखट. गुटख्यानं तोंड आखडलेला एखादा बाप्या दोन बोटांच्या वर तोंड उघडेना, की म्हणायच्या, "उघडा की भाऊ. पुडी रिकामी करताना तर लई मोठं उघडत असताल." मशीननं दात साफ केले की हलायला लागतात, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मी त्यावर दहा मिनिटं शास्त्र सांगायचे. आवडाबाई एका वाक्यात सांगायच्या, "हालतेलेच असत्यात ते, मळानं धरून ठिवलेले. पोपड्यानं धरलेली भित धड म्हणायची का?" पेशंट तोंड उघडायचा. सहा महिन्यांनी परत यायचं हेही लोक माझ्या चिठ्ठीपेक्षा त्यांच्या धाकानं लक्षात ठेवायचे.

त्यांची मिसरी मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. लपवत नव्हत्या. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. आमच्याकडच्या हजारो बायांसारखी त्यांनाही ती लग्नाआधी चुलतीनं शिकवलेली, दाढ दुखत होती म्हणून. पुढं ती दाढ पडली आणि मिसरी राहिली. सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जागेवर राहत नाही, ही त्यांची तक्रार. ती खरी होती. तंबाखू असंच करते.

दवाखान्यात कामाला असून मिसरी लावायची हे काही मला बरं दिसेना. २०१४ साली मी त्यांना दम भरला. दोन वेळा खुर्चीत बसवून शिट्टी फिरवली, वर्षानुवर्षांचा काळा थर काढला, दातांना चकाकी आणली. आरसा हातात दिला तेव्हा त्या स्वतःकडे बराच वेळ बघत बसल्या. "हे मपलेच व्हय?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मिसरी बंद केली. तेव्हा त्यांचं तोंड मी आतून-बाहेरून नीट पाहिलं होतं, काही नव्हतं. तेव्हा शेवटचं पाहिलं.

एकवीस दिवस त्यांनी खरंच लावली नाही. बाविसाव्या दिवशी माझं शिबिर होतं, त्यांच्याच सासरच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मला उत्साह फार. समोर सत्तर-ऐंशी बाया बसलेल्या, सगळ्यांचे दात काळे, आणि माझ्या शेजारी त्यांच्याच गावची सून पांढऱ्या दातांची. मी माईक घेऊन जाहीर करून टाकलं, आवडाबाईंनी मिसरी कायमची सोडली. टाळ्या झाल्या. त्यांच्या मोठ्या जावेनं, कौसाबाईंनी, उठून सगळ्यांसमोर त्यांच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कौसाबाई म्हणजे त्या गावच्या बायांचं हायकोर्ट. त्यांनी तिथंच सांगितलं, "आवडीनं सोडली, तर म्या बी सोडते." त्या दिवशी माझ्या वहीत अकरा बायांची नावं लिहिली गेली.

एकवीस दिवसांत कुणाचं व्यसन कायमचं सुटत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण टाळ्यांचा आवाज फार गोड असतो. महिन्याभरात आवडाबाईंनी परत सुरू केली. पोट आठ-आठ दिवस साफ होत नव्हतं, डोकं फुटत होतं, उगाच नवऱ्यावर वसकन ओरडत होत्या. हे मला कळलं फार उशिरा. तेव्हा मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सांगणार कशा? गावात अकरा जणी त्यांच्या नावावर सोडून बसल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे दर सहा महिन्यांनी आम्ही त्या गावात शिबिर घेऊ लागलो. माझी पद्धत मला तेव्हा फार शहाणपणाची वाटायची. दोन रांगा. मिसरी लावणाऱ्या आणि दुखणं असलेल्या बाया माझ्याकडे, त्यांचं तोंड मी तपासायचे. मिसरी सोडलेल्या बाया आवडाबाईंकडे. त्यांनी फक्त विचारायचं, "सोडली ना?" बाई हो म्हणाली की वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण करायची आणि हातात नवा ब्रश ठेवायचा. ज्यांनी सोडली त्यांची तोंडं तपासण्यात वेळ कशाला घालवायचा, असा माझा हिशेब. काळा थर मिसरी सोडली तरी आपोआप जात नाही, तेव्हा नुसत्या दातांकडे बघून कुणाला काही कळायचंही नाही. वहीतली नावं वाढत वाढत एकेचाळीसवर गेली. एका संस्थेनं त्यासाठी माझा सत्कार केला. शाल अजून कपाटात आहे.

आणि आवडाबाईंचे दात पांढरेच राहिले. दात साफ केल्यावर त्यांना चकाकी आणायला आम्ही एक राखाडी, खरबरीत पूड वापरतो. त्या पुडीचा डबा माझ्याकडे हिशेबापेक्षा लवकर संपायचा. मी माल पोचवणाऱ्याशी दोनदा भांडलेसुद्धा. आवडाबाई चिमूट चिमूट कागदात बांधून घरी न्यायच्या आणि मिसरी थुंकून झाली की त्या पुडीनं दात घासायच्या, रोज. दुपारी डबा खायला गच्चीवर जायच्या, "उन्हाला बसते जरा" म्हणून, तेव्हा तिथंही लावायच्या. तोंडात लवंग ठेवायची सवय होती. दातांच्या दवाखान्यात लवंगेचा वास कुणाच्या ध्यानात येणार? करोनानंतर तर दिवसभर मास्क. मी रोज आठ तास त्यांच्यापासून दीड हात अंतरावर उभी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

२०२२च्या पावसाळ्यात त्यांच्या डब्यातला ठेचा बंद झाला. मग भाकरी बंद झाली, वरणात कुस्करलेली पोळी आली. मी थट्टा केली, "काय आवडाबाई, डाएट का?" त्या म्हणाल्या, "वय झालं म्याडम, पचत नाय." दिवाळीच्या आसपास एकदा पेशंट संपत आले असताना म्हणाल्या, "म्याडम, येक दाढ जराशी ठणकती. बघता का?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्या एवढ्या दिवसांनी हिंमत करून पकडल्या जायला तयार झाल्या होत्या. बघितलं असतं तर सगळं उघडं पडणार होतं, ते त्यांना माहीत होतं, तरी म्हणाल्या, बघता का. मी म्हटलं, "हो, हे दोन पेशंट झाले की बसा." दोनाचे चार झाले. शेवटी मी ड्रॉवर उघडून अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात दिली. "तीन दिवस घ्या. नाही थांबलं तर बघू." त्यांनी परत विषय काढला नाही. मीही नाही.

मार्चमध्ये एका दुपारी आतल्या खोलीत हत्यारं धुता धुता त्या खाली बसल्या आणि तशाच कलंडल्या. उपाशीपोटी चक्कर. मी पाणी पाजायला त्यांचा मास्क खाली ओढला आणि तो वास आला. कुजलेल्या मांसाचा असतो तो. तो ओळखायला पदवी लागत नाही. माझ्याकडे तर पदवी होती.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. एवढ्या पेशंटना तोंड उघडायला लावणारी बाई लहान मुलीसारखी मान हलवत राहिली. मी पुन्हा म्हटलं. मग उघडलं, दोन बोटांएवढं, त्याच्यावर उघडतच नव्हतं. खाली डावीकडे, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, जिथं वर्षानुवर्षं मिसरी साचून राहायची, तिथं फुटलेल्या कोबीसारखं मांस वाढलं होतं. दाढा त्यात तरंगत होत्या. पुढचे बारा दात मात्र चमकत होते.

मी ओरडले त्यांच्यावर. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चक्कर येऊन पडलेल्या बाईवर मी ओरडले, की तुम्ही मला फसवलंत, माझी अब्रू घालवलीत, इतक्या जणींना काय तोंड दाखवू मी. त्या ऐकून घेत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं म्याडम. सहा महिने झाले. तुमी कांबळ्याच्या त्या पोराला जे सांगितलं व्हतं ना, न भरणारी जखम, कडक कड, तसंच लागत व्हतं जिभेला. समदं आयकून पाठ हाय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमीच तर सांगत व्हते समद्यांला, आवडाबाईनं सोडली म्हणून."

त्याच आठवड्यात तपासण्या, मग सरकारी कॅन्सर रुग्णालय. एप्रिलमध्ये डावीकडचा खालचा जबडा, गालाची आतली बाजू आणि जिभेचा काठ काढला. छातीवरचं मांस घेऊन ती जागा भरली. मग किरणांचे शेक. नाकात अन्नाची नळी. बोलणं गेलं. घशातून आवाज यायचा, पण त्याचे शब्द होत नव्हते, आणि लिहिता येत नसल्यामुळे पाटी-पेन्सिलीचाही उपयोग नव्हता. गुटखेवाल्यांना गप्प करणारी ती जीभ. मी भेटायला जायचे आणि माझ्याच्यानं अर्ध्या तासाच्या वर बसवायचं नाही.

फकिराभाऊ बाहेरच्या बाकावर बसून असायचे. गरीब माणूस, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. एकदा आपणहून म्हणाले, "गुलमंडीत येक जुनं दुकान हाय म्याडम, तिथली तंबाखू तिला चालायची. दर महिन्याला म्याच आणायचो. नऊ वरसं. म्हणायचो, बिचारी दुसरं काय मागती का कधी." आम्ही दोघं एकाच बाकावर बसायला लायक होतो.

ऑक्टोबरात मानेत गाठ आली. डॉक्टरांनी फकिराभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, आता फक्त वेदना कमी करायच्या. त्याच सुमारास ते गावाला जाऊन आले आणि आवडाबाईंच्या खाटेजवळ उभं राहून त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्यांना बाहेर नेऊन ऐकायला हवं होतं असं आजही वाटतं. गावात बायांमध्ये एकच बोलणं चाललं होतं. आवडीनं मिसरी सोडली, नऊ वर्षं दवाखान्यात राहिली, डॉक्टरणीच्या हाताखाली राहिली, आणि रोग झाला तो तिलाच. मग सोडून उपयोग काय? जे व्हायचं ते होतंच. "कौसावैनीनं तर परत भाजायला घेतली," फकिराभाऊ म्हणाले. "म्हणली, आवडीला सोडून काय मिळालं? माझं पोट तरी साफ हुईल."

आवडाबाई डोळे मिटून पडलेल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. त्यांनी माझं मनगट धरलं. मग उजव्या हाताची चिमूट डाव्या तळव्यावर फिरवली, तेच बोट खालच्या हिरडीच्या जागेवर लावलं. मग माझ्याकडे बोट. मग दाराकडे. दाराकडे पुन्हा पुन्हा. दोन मिनिटं मला काही कळलं नाही, मग कळलं. गावाला जायचं होतं. सांगायचं होतं की सोडली नव्हती.

मी नाही म्हटलं. प्रवास झेपणार नाही, नळी आहे, जखम ओली आहे, अशी कारणं दिली. ती खरीच होती. पण खरं कारण वेगळं होतं. आवडाबाई खोटं बोलल्या हे गावाला कळलं, तर त्या खोट्याला माईक कुणी दिला हेही कळणार होतं. फकिराभाऊंचंही म्हणणं तेच. "आपलेच दात अन् आपलेच ओठ म्याडम. मरायला टेकल्या बाईची गावात कशाला बदनामी करायची? राहू द्या झाकलेलं."

आवडाबाईंनी नळीतून दूध घेणं बंद केलं. सिस्टरनं हात लावला की नळीचं तोंड मुठीत धरून ठेवायच्या. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फकिराभाऊच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "न्या तिला."

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही गाडी करून गेलो. तीच शाळा, तोच व्हरांडा. बाया नेहमीपेक्षा जास्त आल्या होत्या, अर्ध्या आवडाबाईंना बघायला. त्या खुर्चीत बसल्या, पदर तोंडावरून घेऊन दातांत धरतात तसा धरायला गेल्या, पण दातांची पकडच बसेना, म्हणून हातानं धरला. मी बोलायला उभी राहिले. "आवडाबाईंबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे," एवढं म्हटलं आणि माझी वाचा बसली. चार-पाचशे शिबिरं केली असतील मी.

त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत. पदर सोडला. पुढच्या रांगेतल्या बाया मागे सरकल्या, एका पोरीनं तोंड फिरवलं. डाव्या बाजूला चेहरा खाली ओढून शिवल्यासारखा झाला होता, ओठातून लाळ येत होती. त्यांनी डावा तळवा पुढे केला, त्यावर चिमूट फिरवली, आणि बोट तोंडात घालून हिरडी असायची त्या जागेवरून इकडून तिकडे फिरवलं. मग पाच बोटं दाखवली आणि चार. हे तिथल्या प्रत्येक बाईला समजलं. दिवसातून दोनदा-तीनदा त्या स्वतः तेच करत होत्या.

कौसाबाई उठल्या. "म्हंजी तू सोडलीच नव्हती?"

आवडाबाईंनी मान हलवली. नाही.

"मंग नऊ वरसं आमाला कशाला सांगत व्हतीस? म्या खरंच सोडली व्हती. तुह्या शब्दावर सोडली व्हती."

आवडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. उत्तर द्यायला बोलता येत नव्हतं म्हणून पाहिलं. मी म्हटलं, "मी सांगायला लावलं. एकवीस दिवसांत मी जाहीर केलं. आणि नऊ वर्षांत मी एकदाही त्यांच्या तोंडात पाहिलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हासुद्धा नाही. पाहिलं असतं तर कॅन्सरच्या आधी येतो तो पांढरा डाग दिसला असता, आणि डाग असताना काढला असता तर त्या आज तुमच्याशी बोलल्या असत्या."

मग मागच्या रांगेतून गयाबाई नावाची एक बाई विचित्र हसली. "घ्या. म्या बी नव्हती सोडली," ती म्हणाली. "आवडीनं सोडली म्हणल्यावर हिच्यापुढं कसं सांगू? लाज वाटायची. ही इचारायची, सोडली का, मी व्हय म्हणायची." तिच्या शेजारची म्हणाली, "मी बी." मग आणखी एक. मी वही काढली आणि एकेक नाव वाचत गेले. एकेचाळिसातल्या सात बाया वारल्या होत्या किंवा गाव सोडून गेल्या होत्या. उरलेल्या चौतिसांपैकी खरंच सोडलेल्या, कौसाबाई धरून, नऊ.

मी आवडाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. त्यांना माहीत होतं. मिसरीचा वास मिसरी लावणाऱ्या बाईला कळतो. त्यांनी सगळ्या खुणा तो वास घेत घेत केल्या होत्या. त्या बाया आवडाबाईंना भीत होत्या, आवडाबाई त्या बायांना भीत होत्या, आणि मी शाल घेऊन घरी येत होते.

त्या दिवशी दोन रांगा केल्या नाहीत. एकच रांग, सगळ्यांची तोंडं. दात नाही, तोंड. गाल बाहेर ओढून, जीभ वर करून, खोबणीत बोट फिरवून. आवडाबाईंनी फकिराभाऊंकडून टॉर्च मागून घेतला आणि माझ्याजवळ खुर्ची सरकवून बसल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. सहा जणींच्या तोंडात पांढरे डाग निघाले. गयाबाईचं तोंड मी बघून संपवलं होतं, पुढचीला बोलावणार होते, तेवढ्यात आवडाबाईंनी टॉर्च पुढं नेऊन तिच्या गालाच्या आत, अगदी मागं, शेवटच्या दाढेपाशी धरला आणि तिथंच धरून ठेवला. मी बोट फिरवलं. ज्वारीच्या दाण्याएवढी जखम, कड कडक.

गयाबाईचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. तासाभराचं. पाचव्या दिवशी ती भाकरी खात होती.

आवडाबाई जानेवारीत गेल्या. शेवटचे पंधरा दिवस मानेतली गाठ फुटली होती, त्याबद्दल मी लिहिणार नाही. फकिराभाऊंनी विधी सगळे गावाला केले. त्या गावात आता बाया मिसरी सोडतात का? काही सोडतात, बऱ्याच जणी नाही सोडत. कौसाबाईंनी पुन्हा सोडली असं त्या सांगतात. मी दर सहा महिन्यांनी जाते, त्यांच्याही गालात बोट घालून बघते आणि मगच वहीत लिहिते. त्या रागावतात. रागावू देत.

फेब्रुवारीत मी नवीन बाई कामाला ठेवली. उजमा नाव, पस्तिशीची, किराडपुऱ्यात राहते, आधी एका शाळेत आया होती. पहिल्या दिवशी ती पगाराचं विचारायला आत आली, तर मी तिला म्हटलं, आधी त्या खुर्चीत बसा. ती बिचकली. बसली. मी हातमोजे घालताना बघून हसत म्हणाली, "मॅडम, मैं तो कुछ बी नहीं खाती. पान नहीं, तंबाखू नहीं, मिसरी कभी हात को नहीं लगाई. दांत देखो ना, कित्ते साफ हैं."

दात खरंच साफ होते.

"ते मला सांगू नका," मी म्हटलं. "तोंड उघडा."